‘जाते’ म्हणाली

कळमनुरी, मंगळवार, ऑक्टोबर १९७६

एका शब्दासाठी आज बाहेरचे सगळे पेशंट ताटकळत ठेवले. बरोबरच केलं.

सुमन पुन्हा डोकेदुखीसाठी आली होती, मोठ्या बहिणीला घेऊन. गोळ्या घेतल्या, पदर सावरला आणि दारातून म्हणाली, "जाते, डॉक्टरसाहेब."

आपल्याकडे निघताना कुणी ‘जाते’ म्हणतं का? लहान लेकरूसुद्धा ‘येतो’ म्हणतं. तिला परत बसवलं, बहिणीला बाहेर थांबवलं आणि सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?"

ती म्हणाली, "व्हय. तुमाला कोनं सांगितलं?"

"तूच."

मग बोलतच राहिली. लेकरू गेल्यापासून घरात त्याचं नावही कुणी काढत नाही म्हणे.

नंतर कंपाउंडर कुरकुरला, "असं काहून इचारता, साहेब? नसलं तरी डोस्क्यात भरतं." भरत नाही. असतं तेच विचारल्यावर बाहेर येतं. यापुढे असं तेच दुखणं घेऊन पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रत्येकाला विचारणार. ‘जाते’ कानावर पडायची वाट कशाला बघायची? दर वेळी थोडंच पडणार आहे.

सुमनला विचारूनच बहिणीला सगळं सांगितलं. तिला एकटी सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा. बहीण तिला आपल्याच घरी घेऊन गेली. निघताना सुमन म्हणाली, "बाजाराच्या दिवशी येते."

दवाखाना बंद करताना कंपाउंडर म्हणाला, "जातो, साहेब."

त्यालाही परत बोलावलं.