हिराबाईच्या तळ्याला साधं खाद्य

४ ऑगस्ट २००८
प्रयोगशाळेतल्या तिसऱ्या टाकीतले रोहू आज संपले. चांदीच्या नॅनोकणांचं पाणी, साधं खाद्य. शेवटचे दोन वर येऊन नुसतं तोंड उघडत होते. शेजारच्या टाकीत तेच पाणी, पण खाद्यात शेवग्याच्या पाल्याची पूड. तिथले बहुतेक जिवंत! आनंदात मेलेले मोजायचेच राहिले. सर म्हणाले, काचेतल्या माशांना कोण विचारतो, तळ्यात करून दाखव.

१९ ऑगस्ट
सरांबरोबर सातपूरच्या पलीकडे. नाल्याकाठी दोन तळी. वर एक वर्कशॉप, पाण्याच्या फिल्टरना नॅनो चांदीचा लेप देतात, धुतलेलं सगळं पाणी नाल्यात सोडतात. दोन्ही तळ्यांत तेच झिरपतं. एक तळं आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या मेहुण्याचं. दुसरं बायकांच्या बचत गटाचं, ते हिराबाई सांभाळते. पेठकडची, पन्नाशीची. परतताना मी म्हटलं, वर्कशॉपवाल्यांना सांगायला हवं. सर म्हणाले, "ते पाणी थांबलं तर तुझी पीएच.डी. पण थांबेल."


२३ ऑगस्ट
ठरलं. पाल्याचं खाद्य मेहुण्याला, साधं हिराबाईला. तिलाही पाल्याचं औषधी खाद्य म्हणूनच सांगायचं, कळता कामा नये. म्हणून साध्यात हिरवा रंग. मीच कालवला.

२ सप्टें.
पोती पोचवली. हिराबाईने मूठभर घेऊन हुंगलं. "शेवग्याचा वास नाय येत, ताई." म्हटलं, वाळवल्यावर जातो. तिला पटलं. चहा केला, दूध शेजारून मागून आणलं.

२६ सप्टें.
हिराबाईचे मासे मेले. काल थोडे, आज सकाळी पाणी दिसेना इतके. ती पाटीने काढत होती, कमरेपर्यंत पाण्यात. सरांचा फोन, कुजायच्या आत नमुने घे. काठावर बसून कल्ले कापले. पाण्यातून वर येऊन एकेक मासा तीच माझ्यासाठी धरत होती.
"नीट बघा, ताई. माझ्या हातून काय चुकलं ते सांगा."
मी कापत राहिले. नमुने उत्तम आले.

१ ऑक्टो.
मेहुण्याचं तळं ठणठणीत. सरांनी विभागात पेढे वाटले. मीही खाल्ला.
दुपारी गटाची बैठक, मला बोलावलं होतं. औषधाचं खाद्य देऊनही मासे मेले, म्हणजे हिने वेळेवर टाकलंच नसणार, असं सगळ्यांचं म्हणणं. तिची सून सगळ्यांत जास्त बोलली. हिराबाई मान हलवत होती. एकीने मला विचारलं, खाद्यात काही खोट नव्हती ना? मी नाही म्हटलं. शेवटी तिला अजून एकदा तळं द्यायचं ठरलं, शेवटचं.
सर म्हणतात, एकदा होऊन भागत नाही. पुन्हा तेच तळं, तेच साधं खाद्य.

९ ऑक्टो.
तळ्यात नवं मत्स्यबीज सोडलं. खाद्य मीच नेलं. या वेळी खऱ्या पाल्याचं. नोंदवहीत 'साधं' लिहिलं. सरांना माहीत नाही.
बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही...

२१ नोव्हें.
हिराबाईचे मासे तगलेत. हातभर अंतरावर खायला येतात. ती काठावर बसून मोजूनमापून टाकते, दिवसातून दोनदा, तिथून हलत नाही. माझा हात धरून म्हणाली, "आता कळलं बघा. मागल्या टायमाला माझंच चुकलं होतं. सून म्हणत होती ते खरंच हाय."
गटातही तिने उभं राहून तसं कबूल केलं म्हणे. सगळ्यांची माफी मागितली.
मी म्हटलं, असं नसतं मावशी. ती म्हणाली, तुम्ही चांगल्या म्हणून म्हणता.
सोमवारी सर स्वतः जाळं टाकायला येतायत. तिथे मेलेले मासे मिळतील अशी त्यांची खात्री आहे. मी अजून कुणालाच काही सांगितलेलं नाही.