चाळीस जाडोबा आणि एक पडदा

दि. ३ जून

चि. धाकटोबास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

नाट्यगृहाच्या पडद्याचं काम मला मिळालं, असं मागच्या पत्रात मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. तो तोरा आता साफ उतरलाय. का ते सांगते, पण हसू नकोस.

आई पडदे शिवायची तेव्हा खालच्या दुमडीत वीत वीत अंतरावर एकेक नाणं घालून टाके मारायची, आठवतं? ते जाडजूड पाचाचं नाणं. आपण त्याला जाडोबा म्हणायचो. त्याच्या वजनाने पडदा कसा अगदी शिस्तीत लोंबायचा. मी व्यवस्थापकांना नमुना दाखवला तोही आईच्या डब्यातले जाडोबा घालून. त्यांना तो इतका आवडला की त्यांनी तिथल्या तिथे काम दिलं. पडद्याची रुंदी चाळीस विती. मखमल आली, माझ्या दोघी शिवणारणींनी ती कापून जोडलीसुद्धा. मग मी डबा उपडा केला, तर आत बावीसच! आणि जाडोबा बाजारातून जाऊन पंधरा वर्षं झाली, हे माझ्या डोक्यातच नाही. आईचं हे शहरातलं दुकान चालवता चालवता मी आईच्याच काळात राहते बघ.

आताची नाणी घालून पाहिली. एक घातलं तर हलकं पडतं, दोन घातली तर खुळखुळतात. तिकडे रंगमंचावर नायिका मरायला टेकलेली आणि इकडे खाली खुळखुळ खुळखुळ! लोखंडी चकत्या घातल्या, तर इस्त्रीच्या वाफेने गंजून मखमलीवर डाग पडले. व्यवस्थापक म्हणतात, नमुन्यात पडला तसाच पडदा पडला पाहिजे.

अठ्ठावीस तारखेला पहिला प्रयोग आहे. पडदा जमला तर तिथलं वर्षभराचं शिवणकाम माझ्याकडे. नाही जमला, तर ते पलीकडच्या कारखान्याकडे जाणार. मग आईच्या दुकानाला कुलूप लावायचं आणि त्याच कारखान्यात जाऊन मशीनवर बसायचं.

तू वायरमन आहेस. गावातलं एक दार तुला बंद नाही. मला अठरा जाडोबा शोधून दे. आणि बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस. त्यांचा जन्म लोकांची वजनं-मापं तपासण्यात गेला. लेकीने डबा न उघडता काम घेतलं हे कळलं, तर माझं काही खरं नाही.

तुझ्यावर रागावण्याइतका लोभ शिल्लक आहे, हे लक्षात ठेव.

तुझी,
ताई

दि. १२ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

हसलो. माफ कर. स्टुलावरून पडता पडता वाचलो.

पण तुझ्या कामाने माझे डोळे उघडले. पैसा खर्च करायचा असतो असं मला वाटत होतं. आपल्या गावात तो मुख्यतः टेकू म्हणून वापरतात. कोपऱ्यावरच्या आजींच्या विजेरीत सेल सैल बसतो म्हणून मागे जाडोबा. मी नवी स्प्रिंग बसवून दिली, तेव्हा तो सुटला. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर एक आहे, तो मोजमापासाठी. पेशंट अंगावरचा चट्टा दाखवतो, त्याच्याशेजारी जाडोबा धरतात आणि कागदावर नाण्याएवढा की अर्ध्या नाण्याएवढा ते लिहितात. मी त्यांना तेवढंच पितळी बटण दिलं. आता आपल्या गावात बटणाएवढे चट्टे उठतात.

बँकेत तर कहर झाला. रोखपालांच्या टेबलाच्या एका पायाखाली जाडोबा! मी पुठ्ठ्याची घडी घेऊन गेलो होतो. रोखपाल म्हणाले की हे नाणं ना जमेत आहे, ना खर्चात, त्यामुळे ते द्यायचा अधिकार त्यांना नाही. साहेबांची सही लागली. साहेबांनी आधी टेबल हलवून पाहिलं, मग सही केली.

भाजीवाल्याच्या तराजूच्या पारड्याखाली लाखेने चिकटवलेला जाडोबा दिसला, तेव्हा मात्र माझं डोकंच फिरलं. लोकांना फसवतोस काय, म्हणून मी आवाज चढवला. नेमके मागे बाबा पिशवी घेऊन उभे! ते म्हणाले की ते वजनाचं पारडं मुळात हलकं आहे आणि नाणं चिकटवायला वीस वर्षांपूर्वी त्यांनीच सांगितलं होतं. त्याशिवाय गिऱ्हाइकाला माल कमी जाईल. मग तू पारड्याखाली नाणी कशाला शोधतोयस, असं त्यांनी विचारलं. बाबांसमोर मला खोटं बोलता येत नाही, तुला माहीत आहे. सगळं ओकलो. त्यांनी भेंडी निवडून घेतली आणि घरी आले.

क्रीडाशिक्षकांनी मात्र नाणेफेकीचा जाडोबा लगेच दिला, इतका लगेच की मी चकितच झालो. असे करत करत अठरा झाले, पार्सलने पाठवतोय. ग्रंथालयातही जाऊन आलो. तिथे जाडोबा नाही, पण ग्रंथपालबाईंकडे पुस्तकांत खुणेसाठी घालून विसरलेल्या नोटांचा एक खणच आहे. त्यातली पन्नासाची एक नोट एका जाड कादंबरीच्या अकराव्या पानावर तीन वर्षं होती. त्या पानाच्या पुढे कुणी गेलंच नसावं. चौकशीसाठी मला तिथे आणखी दोनदा जावं लागलं.

एक सांगायचं राहिलं. बाबांच्या भिंतीवरच्या घड्याळाच्या लंबकावरही एक जाडोबा आहे, आईने ठेवलेला. अख्खी गल्ली त्या घड्याळावर आपली घड्याळं लावते. त्याच्याकडे मी नुसतं पाहिलं आणि पुढे गेलो. तो मागायची माझी छाती नाही.

लोभ आहेच, ताण देऊन वाढवू नये.

तुझा,
धाकटा

दि. १८ जून

चि. धाकटोबास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

पार्सल पोचलं. एकेक जाडोबा पुसून, कुरवाळून दुमडीत शिवला आणि नाट्यगृहात पडदा टांगला. सगळीकडे झकास, पण मधोमध काठ वर उचललेला, जणू कुणी आतून पाय घालून बघतंय. टाके उसवले. तुझ्या क्रीडाशिक्षकांचं नाणं निघालं. त्याला दोन्ही बाजूंना छापाच आहे! दोन नाणी मधोमध कापून, घासून एकमेकांना चिकटवलेली. वजन कमी भरणार नाही तर काय?

आता आठव, तुझा संघ शाळेत सलग तीन वर्षं नाणेफेक कशी हरायचा. तू काटा मागायचास ना? घरी येऊन रडायचास, आणि आई तुझ्या नशिबाला बोल लावायची. नशीब बिचारं उगाच बोलणी खात होतं.

हसून झालं आणि मग मला रडू आलं. एक जाडोबा कमी आहे. मधोमधचाच. व्यवस्थापकांनीही ती जागा पाहिली. कारखान्याच्या माणसाला त्यांनी सव्वीस तारखेला बोलावून ठेवलंय, हे त्यांच्या कारकुनाने माझ्या कानावर घातलं. अजून एक मिळतोय का बघ. कुठूनही बघ.

आणि हो, ग्रंथालयात जाडोबा नाही हे पहिल्या फेरीतच कळलं होतं ना? मग पुढच्या दोन फेऱ्या कशाची चौकशी करायला होत्या, तेही कळव.

काळजीत असले तरी लोभ ठेवून असलेली,
ताई

दि. २१ जून

चि. ताईस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र धाकट्याने टेबलावर उघडं टाकलं होतं, मी वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, हे मला माहीत आहे.

सोबत एक नाणं रजिस्टर टपालाने पाठवत आहे. तीनदा तोलून पाहिलं. वजन बरोबर नऊ ग्रॅम भरलं. दोन्ही बाजू वेगवेगळ्या आहेत, याचीही खात्री केली आहे.

हे नाणं कुठलं ते तू ओळखशील. आपलं घड्याळ पहिल्यापासून रोज तीन मिनिटं मागे पडे. रोज सकाळी मी स्टुलावर चढून काटा पुढे करत असे, आणि तुझी आई चहाचा कप धरून शेजारी उभी राही. त्या वेळात ती काय काय सांगे. मग कुणीतरी तिला सांगितलं की लंबकाच्या दांडीवर वरच्या अंगाला थोडं वजन ठेवावं. तिने हे नाणं ठेवलं. घड्याळ बिनचूक झालं आणि माझं स्टुलावर चढणं संपलं. तिला वाटलं, माझी सोय झाली. मीही तिला तसंच वाटू दिलं.

ती गेल्यावर मी दुकानात पाऊल टाकलं नाही. मशीनचा आवाज मला सोसला नसता. तुझ्यावर राग नव्हता. हे तुला आधीच सांगायला हवं होतं.

या वयात घड्याळ थोडं मागे पडलं तर माझी काही हरकत नाही.

काम घेण्यापूर्वी डबा मोजत जावा.

तुझे,
बाबा

दि. २९ जून

चि. धाकटोबास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

पडला रे, पडला! सरळ पडला!

पण आधी दुसरीच बातमी. काल दुपारी मी दुकानात दुसऱ्या एका कामाचे धागे कापत होते. मान वर केली, तर दारात बाबा! हातात छत्री, खिशात मापाची टेप. तू त्यांना गाडीत बसवून दिलंस आणि मला एका शब्दाने कळवलं नाहीस, लबाडा. ते आत आले, आईच्या खुर्चीशी जरा घुटमळले आणि बसले. दोघी शिवणारणींनी मशिनी थांबवल्या, तर त्यांनी हाताने खूण करून चालू ठेवायला सांगितलं. पाऊण तास डोळे मिटून ऐकत बसले होते. मी धागा कापायची कात्री धरून नुसतीच उभी. मला काही दिसतच नव्हतं.

सव्वीसला कारखान्याचा माणूस आलाच होता. पडदा दोनदा वर-खाली करवून त्याने पाहिला, काठ चाचपला आणि आत काय घातलंय ते मला विचारू लागला. व्यवस्थापकांनीच त्याला वाटेला लावलं. वर्षभराचं काम माझं झालं. कागद हातात आहे.

प्रयोगाला बाबा पहिल्या रांगेत. त्यांनी नाटक काही पाहिलं नाही, सगळा वेळ काठाकडे डोळे. शेवटी पडदा खाली आला आणि चाळीसच्या चाळीस जाडोबा एकदम जमिनीला टेकले. सगळ्यांच्या आधी टाळी बाबांनी वाजवली. शेजारच्या बाईंना वाटलं, हे नायकाचे वडील.

आईचं नाणं मधोमध आहे. त्याला मी दुहेरी टाके घातलेत.

आनंदाने वेडी झालेली,
ताई

दि. ८ जुलै

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

मनापासून अभिनंदन. तुझ्या पडद्यामुळे इकडे आमच्या गल्लीचा बोजवारा उडालाय. घड्याळ पुन्हा रोज तीन मिनिटं मागे पडतं आणि त्यावर भरवसा ठेवणारे सगळेच उशिरा. भाजीवाला उशिरा, डॉक्टरीणबाई उशिरा. बँकेच्या रोखपालांना उशिराबद्दल साहेबांनी झापलं, पण साहेब स्वतःच त्यांच्या मागून आले होते. तक्रार मात्र कुणीही केलेली नाही.

तू बाबांबरोबर पाठवलेलं दुतोंडी नाणं क्रीडाशिक्षकांना परत केलं. त्यांनी ते न बघता खिशात टाकलं आणि मला चहा पाजला. वीस वर्षांनी का होईना, एक नाणेफेक मी जिंकली.

ग्रंथालयातला पंखा दुरुस्तीला घेतलाय, पण त्याचा घरघराट अजून थांबलेला नाही, मला रोज जावं लागतं. ती कादंबरी मी घरी आणलीय. अकराव्या पानाच्या पुढे गेलोय. ग्रंथपालबाई शेवट सांगायला तयार नाहीत, म्हणतात की स्वतः वाचून येऊन सांगा. आता तू पत्रात काय लिहिणार ते मला माहीत आहे, लिही.

बाबांबद्दल लिहायला मुद्दाम शेवटी जागा ठेवली. मी लंबकावर नवीन वजन बसवतो म्हणालो, तर त्यांनी मला घड्याळाला हात लावू दिला नाही. रोज सकाळी स्वतः चहा करतात, दोन कप. एक घड्याळाखालच्या फळीवर ठेवतात, एक हातात घेऊन स्टुलावर चढतात. काटा तीन मिनिटं पुढे करायला त्यांना चांगला अर्धा तास लागतो. काल मी बूट घालत होतो तेव्हा कानावर पडलं. हळू आवाजात ते आईला सांगत होते की लेकीचा पडदा अगदी सरळ पडला आणि मशीनचा आवाज अजून तसाच आहे.

लोभ आमच्याकडे सध्या भरपूर आहे. लागेल तसा मागवून घ्यावा.

तुझा,
धाकटा