शनिवारी आई मॅच बघायला येतेय

३ जून
आजपासून मी प्रोफेशनल बेसबॉल प्लेअर. लीग छोटी आहे, पण काँट्रॅक्ट खरं आहे. आयटीचा जॉब सोडला. आईने फक्त हा एक सीझन दिलाय. जमलं नाही तर मुकाट्याने परत एडिसनला, तिच्या घरी. जमणारच. डायरी मराठीत लिहितोय, म्हणजे माझं टेक्निक टीममध्ये कोणी चोरणार नाही.

इथे टीम प्लेअर्सना कोणाच्या तरी घरी ठेवते. मला इथल्या चँडलर गावातले उल्हासकाका आणि वसुधाकाकू मिळाले. पहिल्याच दिवशी पुरणपोळ्या. डाएट उद्यापासून.

६ जून
अजून बेंचवरच. मॅनेजर मला मोठ्या मॅचसाठी राखून ठेवतोय, हे उघड आहे. काका रोज विचारतात, आज खेळलास का रे? त्यांना स्ट्रॅटेजी काय कळणार!

डाएट सोमवारपासून.

८ जून
खेळलो! शॉर्टस्टॉप म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला माणूस. सगळे जोरातले बॉल त्याच्याकडेच. पहिला पायांमधून गेला. ग्राउंड खराब. दुसरा अडवला, पण फेकला तो थेट प्रेक्षकांत. एका आजोबांना कॅच मिळाला, खूश झाले. मॅनेजर म्हणाला, उद्या येऊन भेट. बहुतेक जागा पक्की.

९ जून, सोमवार
काढलं. जर्सीसुद्धा ठेवून घेतली. सरळसरळ पॉलिटिक्स.

जेवताना काका-काकूंना सांगणारच होतो, तेवढ्यात आईचा फोन. शनिवारी मॅच बघायला येतेय, विमानाचं तिकीट काढलंय. काकू लगेच तिच्यासाठी खोली आवरायला उठल्या. राहिलं सांगायचं.

११ जून, दुपार
किटबॅग घेऊन रोजच्यासारखा निघालो. लायब्ररीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसलोय. बाहेर भट्टी. घरी जाता येत नाही, ग्राउंडवर जाता येत नाही. काकूंचा डबा आहे म्हणून बरं. दुसऱ्या टीमचा फोन कधीही येईल.

१३ जून
संध्याकाळी 'प्रॅक्टिस'हून आलो, तर माझ्या खुर्चीवर एक उंच पोरगा वरणभात खात होता. काका म्हणाले, हा टायलर, नवा शॉर्टस्टॉप, आजपासून इथेच राहणार. टीमने त्यांना सोमवारीच सगळं कळवलं होतं! मग डबा का देत होतात, विचारलं. काकू म्हणाल्या, दिवसभर उन्हात कुठेतरी बसायचं, तर पोटात काही नको का?

मान वर करवेना.

१४ जून, शनिवार
आईला एअरपोर्टवरून आणतानाच सांगितलं. तिने नुसता पाठीवरून हात फिरवला, त्याचंच जास्त वाईट वाटलं. काकांनी आग्रह केला म्हणून सगळे मॅचला गेलो. टायलरने आडवी उडी मारून एक बॉल असा अडवला की अख्खं स्टेडियम उठलं. आईसुद्धा उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. मग माझ्याकडे बघून पटकन थांबली.

मी म्हटलं, वाजव गं. तो बॉल मला अडवता आला नसता.