बिनपोळीचा पितर

५ एप्रिल, शनिवार. धरणगाव
धान्य सोडून अकरावा दिवस. पोळी, भाकरी, भात, पोहे, चहातली साखर, सगळं बंद. सकाळी बोट टोचलं. साखर अकरा दिवसांपूर्वीपेक्षा जास्त! यंत्र बिघडलं असणार म्हणून नलिनीचं बोट टोचलं. तिची ठणठणीत. वर म्हणाली, "बायकोचं रक्त काढायचं तेवढं राहिलं होतं."

७ एप्रिल, सोम.
जळगावला डॉक्टरांकडे. "काय काय खाता?" मोठ्या अभिमानाने सांगितलं: साबुदाण्याची खिचडी, भगर, राजगिऱ्याचे लाडू, दिवसाला चार केळी. (केळी सोडून जळगाव जिल्ह्यात राहायचं कसं?) डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सर, हा उपास झाला. पथ्य नाही."
सुन्न. बावन्न वर्षं भगरीला मी धान्यच मानलं नव्हतं, कारण एकादशीला चालते. देवाला चालतं ते स्वादुपिंडालाही चालणार, असं अनुमान. लहानपणी संस्कृत पाठशाळेत हेत्वाभासाचे, म्हणजे फसव्या अनुमानाचे, पाच प्रकार घोकून घेतले होते. हा सहावा.
आता खरी यादी: अंडी, पनीर, पालेभाज्या, वांगी, काकडी, ताक, खोबरं. डाळीही नकोत म्हणे. नलिनीने यादी वाचली. "म्हणजे गाईचं नि कोंबडीचं. माणसाचं काही नाही यात."

१२ एप्रिल, शनि.
शिरपूरला एका इमारतीचं उद्घाटन. बातमीपुरता गेलो. पोह्यांची बशी आली, नको म्हटलं. पेढा, नको. चहा, बिनसाखरेचा असेल तर. संयोजकांचा चेहरा उतरला. वार्ताहर पोहे नाकारतो म्हणजे उद्या विरोधात छापून येणार, हा या धंद्यातला संकेत. मोटारसायकलपर्यंत मागे आले. "साहेब, आमचं काही चुकलं का?" चुकलं माझ्या रक्ताचं, हे कसं सांगणार. पंचवीस वर्षांत किती पोहे खाल्ले असतील मी. हिशोब न केलेलाच बरा.

२२ एप्रिल, मंगळ.
साखर उतरली. चक्क. पट्टा एक भोक आत.
संध्याकाळी अक्कांचा फोन. अक्का म्हणजे नानाची बायको. नाना, माझा तीस वर्षांपासूनचा मित्र, साखरेनेच गेला. आधी पाय, मग किडनी. तेव्हापासून आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्याच्या नावाचा पितर म्हणून मीच जेवायला बसतो. पाय धुतात, टिळा लावतात, आणि मी जे खाईन ते नानाला पोचतं. खापरावरच्या पुरणपोळ्या, रशी (कटाची आमटी), आमरस, कुरडया. ताटात काही टाकायचं नाही.
"भाऊ, आखाजीले येवानं शे."
हो म्हणून बसलो.

२४ एप्रिल, गुरु.
अक्कांकडे जाऊन स्पष्ट सांगितलं. दुसरं कोणी बघा, मी धान्य खात नाही, गोडही नाही. त्या बघतच राहिल्या. मग अगदी हळू, "तुम्हालाही तेच सांगितलं?" मी यादी म्हटली. त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहून घेतली. एकेक जिन्नस, सावकाश. "या तुम्ही. बघते मी."
समजूतदार बाई. मी उगाच घाबरलो होतो.

३० एप्रिल, बुध. आखाजी
घरी आलो ते थेट वहीपाशी. झालं तसं लिहून ठेवतो.
ताट आलं. वांग्याचं भरीत, मेथीची भाजी, पनीर, काकडी, खोबऱ्याची चटणी, ताक. पोळी नाही. आमरस नाही. नानाचा धाकटा भाऊ आबा बाजूलाच होता. "वहिनी, पित्तरले घासपाला? पुरननी पोयी कोठे शे?"
अक्का एरवी माझ्यासमोर शुद्ध बोलतात. आज नाही. "हाऊच घास मांगे तुमना भाऊ. आठ महिना मांगे. मी दिना नही."
हाच पाला नाना आठ महिने मागत होता, त्यांनी दिला नाही. मग सगळं बोलून मोकळ्या झाल्या. डॉक्टरांनी नानाची भाकरी बंद केली होती. नानाने ती इमानाने सोडली. तिसऱ्या आठवड्यात त्याची कॉलर सैल झाली, आणि गल्लीतली एक बाई म्हणाली, नवऱ्याला जेवायला घालत नाहीस का गं.
"त्यासनी भाजीमा रोज पीठ टाकं मी. ज्वारीनं. भाजी घट व्हवाले." भरितात टाकलं, ताकातही टाकलं. नानाला पत्ता नाही. साखर उतरेना. शेवटी तो म्हणाला, पाळूनही उतरत नाही, मग पाळू कशाला. पथ्य सोडलं, गोळ्याही सोडल्या.
आबा खाली बघत होता. आतून पोरं डोकावत होती.
पितर उठायच्या आधी घरची बाई विचारते, पोट भरलं का. पितर 'भरलं' म्हणतो, मगच घर जेवतं. पाठशाळेत याला तृप्तिप्रश्न म्हणत. उत्तर एका शब्दाचं, झोपेतही देता येईल असं. दर वर्षी ढेकरेसकट दिलंय.
अक्कांनी विचारलं. पळी हातात तशीच.
मी 'भरलं' म्हटलं तर ते नाना म्हणणार. म्हणजे त्याने माफ केलं. जीभ उचलेना. म्हटलं, "थोडं भरीत वाढा." वाढलं. पुन्हा विचारलं. पुन्हा भरीत. तीनदा. पोरांना भुका लागलेल्या. चौथ्यांदा म्हणालो, "अक्का, माझं पोट भरलं."
"तुमचं," त्या म्हणाल्या, आणि पळी खाली ठेवली.
घर जेवलं. अक्का नाही.

१ मे, गुरु.
सकाळी नलिनीने स्वयंपाकघरातून हाक मारली. "या, इथे उभे राहा. काय काय टाकते ते बघा. नंतर तुमच्या नावाने पितर बसायला नको." उभा राहिलो. तेल, जिरं, लसूण, मेथी.
मग म्हणाली, "एक शब्द म्हणायला काय झालं होतं?"
"नानाच्या वतीने?"
"त्याच्या वतीने जेवता येतं, बोलता येत नाही?"
दुपारी जुनी कात्रणं काढली. सापडलं. माझंच सदर, 'आमच्या मित्राचे तृणव्रत'. नाव नव्हतं, पण सगळ्या धरणगावला कळलं होतं. चौकात लोक नानाला बघून शेळीसारखे ओरडायचे. तोही हसायचा. साखर उतरत नाही हे त्याने आधी मलाच सांगितलं होतं. मी काय म्हणालो? "शरीराला कळतंय नाना, तू ढोंग करतोयस."
आणि मी त्याच्या वतीने माफी देणार होतो.

३ मे, शनि.
नलिनी अक्कांना भेटून आली. आखाजीपासून त्या नुसत्या दुधावर आहेत. "त्यांचं भरलं नाही, मी कशी जेवू," म्हणतात. आबा समजावून थकला.
नलिनी माझ्याकडे बघत होती. मी बातमी लिहिण्याचं सोंग केलं.

४ मे, रवि.
कात्रण खिशात घालून गेलो. अक्का ओसरीवर. चेहरा ओढलेला. कागद त्यांच्या हातात दिला. चष्मा लावून दोनदा वाचला. एका ठिकाणी हसल्या. विनोद बरा जमला होता, तेच तर.
"हे त्यांनी वाचलं होतं?"
"त्याला मीच वाचून दाखवलं होतं."
कागदाची घडी घालून मला परत दिली आणि आत गेल्या. डब्याचं झाकण वाजलं. मग परातीवर थापण्याचा आवाज. मी बसून राहिलो. उठून जावं की थांबावं, कळेना. बऱ्याच वेळाने एक ज्वारीची भाकरी ताटलीत घेऊन आल्या, आमच्या दोघांच्या मधे ठेवली. सोबत काही नाही. नानाला बंद होती ती, आता मलाही. पापुद्रा फुगलेला, वाफ येत होती.
"मोडा," अक्का म्हणाल्या.
मी म्हटलं, "तुम्ही."