पाळण्याच्या फळीवरचं नाव

थंडर बे, कॅनडा
४ एप्रिल

ती. ऑरिनदादास,
शि. सा. न. वि. वि.

नातीचं नाव ठरलं: सोल्वाइग. पाळण्याची उशाकडची फळी पार्सलने पोचली असेल. घरातली अकरा बाळं त्या पाळण्यात झोपली, सगळ्यांची नावं तू पटाशीने कोरलीस. आता एकाच नावापुरती जागा उरलीय.

आणि काय ऐकते मी? संगणकावर चालणारं कोरणयंत्र घेतलंस म्हणे, सीएनसी राउटर! अरे, तुझ्या मायक्रोवेव्हचं घड्याळ वर्षभर बारावर अडकलेलं असतं. नाव हातानंच कोर, सांगून ठेवते. बाप्तिस्मा २ मेला आहे.

माया आहे म्हणून बोलते, राग नसावा.
तुझी,
मारिट

डुलुथ
१६ एप्रिल

चि. मारिट हिस,
अ. उ. आ.

घात झाला गं. ग्रंथालयात हे यंत्र शिकवतात, त्या वर्गात पाइनच्या तुकड्यांवर चार वेळा कोरलं, झकास आलं. पण तिथला संगणक इंचात होता, माझा मिलिमीटरमध्ये निघाला. मी आपली इंच समजून रुंदी चोवीस टाकली नि कॉफी ओतायला गेलो. येऊन बघतो तर काम खलास! पोरीचं अख्खं नाव माझ्या अंगठ्याखाली झाकलं जातं.

पटाशीने सावरावं, तर डिसेंबरपासून उजवा हात थरथरतो. म्हणून तर यंत्र घेतलं. तुला सांगायची लाज वाटली. पाळण्यावर नाव कोरता येत नसेल तर मी कसला सुतार? फळी परत पाठवतोय. तिथला एखादा चांगला कारागीर बघ.

म्हाताऱ्यावर लोभ असू दे.
तुझा,
ऑरिन

थंडर बे
३ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फळी बघून आधी खो खो हसले. मग पत्र पुन्हा वाचलं नि चांगलीच रडले. एवढे टोमणे मारले, चुकलंच माझं. पण हाताचं आधी सांगायला काय झालं होतं रे?

कारागीर-बिरागीर कुणी शोधला नाही. काल पाळणा तसाच चर्चमध्ये नेला. पाद्रीबाईंनी भिंग मागवलं, मग नाव बघायला ही रांग! तेवढ्यात आपली धाकटी इंग्रिड सगळ्यांसमोर म्हणाली, बरं झालं, मामाने माझ्या बाळापुरती जागा राखली. नोव्हेंबरात येतंय म्हणे. मला, तिच्या आईला, तेव्हा कळतंय!

फळी पुन्हा तुझ्याकडे धाडतेय. याच मापाने कोरलंस तर अजून वीस बाळांची सोय आहे. ती संपेपर्यंत तुला सुतारकी सोडता यायची नाही.

हात डॉक्टरांना दाखव, आणि आमच्यावर जीव आहे तसाच राहू दे.
तुझी,
मारिट