सोफा हुबेहूब

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. पुढेमागे कोणाला माझ्या कलाप्रवासावर काही लिहायचं झालं तर साधन हाताशी असावं, एवढाच हेतू.

निमित्त मोठं आहे. ३० तारखेला बाबांना पंच्याहत्तर पूर्ण होतायत, आणि आईला हॉलच्या भिंतीवर सगळ्या घराचं एक चित्र हवंय. फोटो का नाही? कारण फोटोला बाबा आणि दादा एका सोफ्यावर बसायला हवेत, आणि तिथेच घोडं पेंड खातंय. गेल्या वर्षी दादाने बाबांची स्कूटर त्यांना न विचारता कोणाला तरी देऊन टाकली. बाबा तिच्यावरून दोनदा पडले होते, म्हणजे दादाचं बरोबर होतं, पण पद्धत चुकली. तेव्हापासून अबोला. दादा दर रविवारी येतो, तो आला की बाबा उठून गॅलरीत जातात. बोलायचंच झालं तर 'त्याला सांगा' आणि 'त्यांना सांगा'.

आई म्हणाली, एकेकाला वेगळं बसवून काढ, पण चित्रात तरी दोघांना शेजारी बसव. बोलताना तिचा आवाज बदलला. मी म्हटलं, आई, हे माझ्या हातचा मळ आहे. तिने लगेच कॅलेंडर काढून तिथे मोठा खिळा ठोकून घेतला.

ऑफिसात महिन्याची रजा टाकली. साहेब म्हणाले, खुशाल जा, तुमच्यावाचून काही अडणार नाही. मोठ्या मनाचा माणूस.

बायकोला सगळा प्लॅन समजावून सांगितला. ती म्हणाली, हो का.

४ मार्च, मंगळवार

इझल हॉलमध्ये मांडलं. प्रकाश डावीकडून येतो. बेडरूममध्ये नेलं. प्रकाश येतच नाही. गॅलरीत नेलं, तिथे प्रकाश भरपूर पण वारा. परत हॉलमध्ये. तोवर संध्याकाळ.

बसवत नाही, उभं राहवत नाही. कलावंताची अस्वस्थता म्हणतात ती हीच. बायको म्हणाली, ॲसिडिटी असेल.

पेन्सिल सापडत नाहीये. आत्ता तर हातात होती.

५ मार्च, बुधवार. सकाळी १०

बाबांचं पहिलं सिटिंग. बाबा पेपर घेऊन बसले. मी म्हटलं, पेपर जरा खाली घ्या. नाकापर्यंत घेतला. म्हटलं, थोडं हसा. त्यांनी विचारलं, कशाला? मग विचारलं, चित्रात तोपण असणार का. मी हो म्हटलं. पेपर पुन्हा वर गेला तो गेलाच. पेपर उत्तम आला.

दुपारी हात शिवशिवत होता म्हणून स्केचबुकात एक काल्पनिक पात्र काढलं. एक म्हातारा राजा. त्याने पेपरांचा किल्ला बांधलाय आणि तटावरून त्याचा फक्त चष्मा दिसतो. खाली गोष्टही लिहिली, की किल्ल्याचा दरवाजा आतून लावलाय आणि किल्ली राजाच विसरलाय. कुठून सुचतं मला, देव जाणे! शुद्ध कल्पनाशक्ती.

९ मार्च, रविवार

दादाचं सिटिंग. दादा बसतच नाही. दोन फोन, एक कानाला आणि एक हातात, आणि हॉलभर येरझाऱ्या. मी त्याच्या मागे पॅड घेऊन फिरत होतो. त्याने मध्येच थांबून विचारलं, त्यांचा गुडघा कसा आहे? गॅलरीकडे बघत विचारलं. मी म्हटलं, हलू नकोस. तो पुन्हा चालायला लागला.

त्याचा मागचा भाग चांगला जमलाय.

संध्याकाळी नवं पात्र: भोंगासुर. कानाच्या जागी भोंगे असलेला राक्षस. एका बंद किल्ल्याभोवती गोल गोल फिरतो, सगळ्या जगाशी बोलतो, फक्त दार वाजवत नाही. बायकोने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, हा कोण. मी म्हटलं, कोणी नाही, कल्पना आहे. ती म्हणाली, हो का.

१० मार्च, सोमवार

आणखी एक. 'होका' नावाचा पक्षी. लांब मान, अर्धवट मिटलेले डोळे. कोणीही उंच उडायला निघालं की तो एकदाच ओरडतो आणि समोरचा खाली बसतो.

बायकोला दाखवला नाही. तिला पक्ष्यांची आवड नाही.

उद्यापासून कॅनव्हास. आता माघार नाही.

११ मार्च, मंगळवार

कॅनव्हासला हात घातला! चेहरे शेवटी करायचे ठरवलंय. चेहरा कोणीही काढतो, खरी परीक्षा वातावरणाची. म्हणून आधी सोफा.

१४ मार्च, शुक्रवार

सोफा.

१७ मार्च, सोमवार

सोफा पूर्ण. काय सोफा झालाय! कापडावरचं एकेक फूल, डाव्या हातावरचा चहाचा डाग, मधली निळी उशी. विशेषतः उशी. तिच्यावर पडलेल्या सुरकुत्या पाहून मलाच भरून आलं.

आईने चष्मा लावून पाहिलं. म्हणाली, सोफा हुबेहूब आहे, पण हे दोघं बसणार कुठे. मी दाखवलं, बाबा इकडे, दादा तिकडे, मागे तुम्ही बायका उभ्या. ती म्हणाली, मध्ये उशी का? तेवढी काढ, जवळ येऊ देत. मी तिला शांतपणे समजावलं की त्या उशीवर माझे तीन दिवस गेलेत आणि सगळी रचना तिच्यावर तोललेली आहे. आईने चष्मा काढला. आत जाऊन भांडी लावत बसली. भांड्यांचा आवाज जरा जास्तच येत होता.

कलेतलं सगळ्यांना कळावं अशी अपेक्षा नसते.

१९ मार्च, बुधवार

पेन्सिल पुन्हा गायब. या घरात वस्तू जागच्या जागी राहील तर शपथ! अख्खी सकाळ शोधण्यात गेली. आईला विचारलं, बायकोला विचारलं, बाबांच्या पेपरखालीसुद्धा पाहिलं. बायको माझ्याकडे बघून हसत होती. दुसऱ्याच्या अडचणीत हसायला काय येतं, मला कळत नाही.

त्या तिरमिरीत एक फक्कड पात्र उतरलं: सेनापती उद्यासिंग. छातीवर स्वतःच लावलेली पदकं. रोज सकाळी खुर्चीवर उभा राहून मोहीम जाहीर करतो आणि रोज दुपारी डुलकी काढतो. घोडा कंटाळून घरी गेलाय. आता स्वारी तलवार शोधतेय आणि तलवार पाठीला लटकलेली आहे. काढताना मी एकटाच खो खो हसत होतो. असले लोक असतात हो जगात!

२२ मार्च, शनिवार

आज चेहरे. दादापासून सुरुवात. तीन तास मान वर केली नाही. लांब जाऊन पाहिलं तर दादा नव्हताच तो. कोणीतरी वेगळाच तरुण माणूस.

आई भाजी निवडता निवडता येऊन उभी राहिली. कितीतरी वेळ बघत होती. मग म्हणाली, स्कूटर घेतली त्या वर्षी हे अगदी असे दिसायचे. म्हणजे दादाच्या जागी तरुणपणचे बाबा आले होते! ती म्हणाली, असंच ठेव रे, कोणी काही म्हणणार नाही. मी म्हटलं, आई, पोर्ट्रेटमध्ये असली चूक चालत नाही. टर्पेन्टाइनच्या फडक्याने पुसून टाकलं.

ती संध्याकाळभर माझ्याशी बोलली नाही. टर्पेन्टाइनच्या वासाने तिचं डोकं दुखतं.

२५ मार्च, मंगळवार

बाबांचा चेहरा केला. आमच्या दातांच्या डॉक्टरांसारखा आला. पुसला. पुन्हा केला. पुन्हा डॉक्टर, या वेळी जरा रागावलेले. पुसला.

पाच दिवस पुष्कळ आहेत. दडपण आल्याशिवाय माझा हात चालत नाही.

२७ मार्च, गुरुवार

रंगच खराब आहेत.

२८ मार्च, शुक्रवार

झोपून होतो. पोट.

२९ मार्च, शनिवार. दुपारी ४

सुचलं! चेहरे काढायचेच नाहीत. माणसंच काढायची नाहीत. फक्त सोफा. ज्याने त्याने आपल्या मनाने त्यावर हवं त्याला बसवावं. अत्यंत आधुनिक. आधीच का सुचलं नाही म्हणून स्वतःवरच चिडलो. फ्रेम करून आणली. फ्रेमवाल्याने विचारलं, फर्निचरचं दुकान काढताय का. मी हसून पैसे मोजले.

आईला उद्याच दाखवणार. खिळ्यावरची धूळ तिने आजही पुसली.

३० मार्च, रविवार. संध्याकाळी ७

घडलं तसं लिहितो. रागावलेलो आहे.

सगळे जमले. दादा दाराशी उभा, बाबा गॅलरीच्या दाराशी. मी चार शब्द बोललो आणि चादर ओढली. वहिनी म्हणाली, भावजी, सोफा मात्र हुबेहूब हं. बाबांनी विचारलं, सगळे गेले कुठे? आई चित्राकडे बघत नव्हती, खिळ्याकडे बघत होती. तिचा चेहरा मला बघवेना. खरंच बघवेना.

मी आधुनिक कलेबद्दल सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात बायकोने काय करावं? माझं स्केचबुक आणून दादाच्या हातात दिलं. म्हणाली, घर इथे आहे.

दादाने पान उलटलं आणि फिस्सकन हसला. पेपरांचा किल्ला. हे तर बाबा, म्हणाला. मी सांगितलं, काल्पनिक आहे. कोणी ऐकलं नाही. दादा मोठ्याने वाचत होता, दरवाजा आतून लावलाय, किल्ली राजाच विसरलाय, आणि तिथे थांबून त्याने तीच ओळ पुन्हा वाचली. बाबा गॅलरीच्या दारातून म्हणाले, काय आहे ते, बघू. पुढे येऊन त्यांनी चष्मा वर केला, स्वतःलाच पाहिलं, पान उलटलं तर भोंगासुर. बाबा असे हसले की त्यांना ठसका लागला. वहिनी म्हणाली, फोनसकट आहेत! बाबा सोफ्यावर टेकले, निळी उशी उचलून खाली टाकली आणि दादाला म्हणाले, बस की, उभ्या उभ्या काय बघतोस.

दादाला म्हणाले. थेट. मध्ये कोणी नाही.

दादा बसला. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात टेकवून पुढचं पान उलटलं. मी पुन्हा एकदा स्पष्ट केलं की सर्व पात्रं काल्पनिक असून कोणाशी साम्य आढळल्यास तो योगायोग. तोपर्यंत ते उद्यासिंगपाशी पोचले होते. दोघांनी एकदम मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मग जे हसले, की बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यात एवढं हसण्यासारखं काय होतं?

आईने माझा दंड घट्ट धरला. म्हणाली, आत्ता काढ. आत्ता बसलेत, लवकर काढ.

मी लगेच कामाला लागलो. पेन्सिल नाही! टेबलावर नाही, इझलवर नाही, बेडरूममध्ये नाही. स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये एक बोटभर तुकडा सापडला, त्याला टोक नव्हतं. टोक काढलं, मोडलं, परत काढलं. पॅड घेतलं, इझल खिडकीकडे वळवलं, प्रकाश पाहिला आणि हॉलमध्ये आलो.

दादा बाबांना गाडीतून चक्कर मारायला घेऊन गेला होता. बाबांनीच म्हटलं म्हणे, चल, फिरवून आण.

समोर रिकामा सोफा. तो माझा आधीच काढून झालेला आहे.

३१ मार्च, सोमवार. सकाळी ८

आईने माझ्या फ्रेममधून सोफा काढून उद्यासिंगला बसवला आणि खिळ्यावर टांगला. म्हणाली, एक तरी चेहरा जमला तुला. मी वाद घातला नाही. थोडा वेळ त्याच्यासमोर उभा राहिलो. नाक जरा ओळखीचं वाटतं.

ऑफिसला निघायचंय. बूट घालता घालता आईला विचारलं, काल नक्की कसे बसले होते दोघं? ती सोफ्यावर बसली, शेजारच्या जागेवर हात ठेवला आणि सांगायला लागली. दादाचा गुडघा बाबांच्या गुडघ्याला लागला होता. बाबांचा हात असा, याच्या खांद्यावर. हसताना दोघांची मान एकाच बाजूला कलते, तुला माहीत होतं का?

मला माहीत नव्हतं. मी त्या दोघांचं महिनाभर चित्र काढत होतो.

म्हटलं, थांब आई, तशीच बस, पेन्सिल बघतो.

आई म्हणाली, कानावर आहे. कालपण तिथेच होती.