गोठ्यातला आरडाओरडा

२ मार्च

चि. टिचकीस,
अ. उ. आ.

आई जाऊन महिना होत आला. तिच्या स्मरणसभेत वाचायला मी चार ओळी लिहिल्या आहेत. ती शांत होती, मितभाषी होती, शेत, नवरा आणि लेकरांसाठी झिजली आणि कधी कुणाला उलटून बोलली नाही. कशा वाटल्या ते कळव.

दुसरं गायींचं. आई गेल्यापासून दूध आटलंय असं तूच लिहिलंस. एका व्यापाऱ्याशी मी बोललोय, तो पुढच्या रविवारी येईल. गायी गेल्या की शेत कुणाला तरी कसायला देऊ आणि बाबांना मी इकडे आणतो. नव्वदीला टेकलेल्या माणसाने तिथे काय बघत बसायचं? तूही सुटशील. उगाच हट्ट करू नकोस.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझा दादा

५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नमस्कार झाला, आता भांडते. आई शांत होती? कुणाची आई?

लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने सासऱ्यांना सुनावलं की ओढ्याकाठी बटाटा कुजतो, तिथे चारा लावा. घरात अबोला झाला, पण तिथे आजही चाराच आहे. दुष्काळात सगळ्यांनी जनावरं काढली, तेव्हा ही गोठ्याच्या दारात खाट टाकून झोपली आणि एकही गाय जाऊ दिली नाही. तुला शिकायला पाठवायचं तर मलाही पाठवा, हे बाबांना तिनेच ठणकावलं. पंचाहत्तरीत मनगट मोडलं तर एका हाताने धारा काढल्या, आणि हाड लवकर जुळत नाही म्हणून डॉक्टरला फैलावर घेतलं. गोठ्यात तर गायींवर तोंडाचा पट्टा धार संपेपर्यंत चालू. आळशी, ऐतखाऊ, कुळबुडव्या! तू उशीखाली डोकं खुपसून झोपायचास, विसरलास?

आता गोठ्यात चिडीचूप असते. मीही दबकत जाते, हळू बोलते. दुखवट्याच्या घरात आरडाओरडा बरा दिसत नाही. दूध कमी झालंय हे खरं. पण सुटशील म्हणतोस ते कशातून? हे माझं काम आहे, दादा. व्यापारी येऊ दे, या वेळी खाट मी टाकीन.

राग आला तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी टिचकी

८ मार्च

चि. टिचकीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून कान लाल झाले. तुझी वहिनी म्हणाली की सासूबाईंचंच पत्र वाटतं. पण दुधाशिवाय गायी किती दिवस सांभाळशील? व्यापाऱ्याला शब्द दिलाय, त्याच्यासमोर धार काढ. बादली भरली तर मी पुन्हा या विषयावर तोंड उघडणार नाही.

काळजीपोटी लिहितो, हे ध्यानात असू दे.
तुझा दादा

१२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

व्यापारी आला. सभ्य गृहस्थ, बूट पुसून गोठ्यात शिरला. मी तांबडीजवळ बसले, थोपटलं, गोड गोड बोलले. बादलीचा तळ भिजेना. ही आता कामाची नाही, असं म्हणून त्याने मान हलवली. मला तर रडूच कोसळणार होतं, तेवढ्यात बाबा काठी टेकत दारात आले.

बाबांना तू ओळखतोस. उभ्या जन्मात त्यांनी कधी आवाज चढवला नाही. त्यांनी काठी दारावर आपटली आणि तांबडीला असं काही फैलावर घेतलं की मीच दचकले. शब्द आईचे, चढउतार आईचे, मध्ये दम खायला थांबणंसुद्धा तिचंच. तांबडीने कान टवकारले, अंग सैल सोडलं आणि बादली वाजायला लागली. महिनाभर बिचाऱ्या गायी कुणीतरी ओरडेल म्हणून वाट बघत होत्या, आणि आम्ही शहाणे कुजबुजत होतो.

भरलेली बादली बघून व्यापाऱ्याला सगळ्याच गायी हव्याशा झाल्या. बाबांनी त्याच दमात त्यालाही धरलं. तिने दुष्काळात विकल्या नाहीत त्या मी विकीन काय, असं विचारलं. तो फाटकापर्यंत मागे वळून न बघता गेला.

नंतर बाबा म्हणाले की इतकी वर्षं तिचं ऐकलं, ते वाया कसं जाऊ देऊ. आता दोन्ही वेळा गोठ्यात येतात, ओरडतात आणि रडतात, दोन्ही एकदमच. ते शहरात येणार नाहीत, मीही शेत सोडणार नाही. आणि सभेत तिला शांत म्हणालास तर मी मध्येच उठेन. माझा आवाज कुणावर गेलाय ते तुला ठाऊक आहे.

लोभ ठेव, हिशेबात राहा.
तुझी टिचकी

१५ मार्च

चि. टिचकीस,
अ. उ. आ.

त्या चार ओळी फाडून टाकल्या. सभेत बाबांनाच बोलू दे, माईकची गरज पडणार नाही. गायी तुझ्या, मी तोंड उघडत नाही.

एक काम कर. सुट्टीत मी लोळत पडलो की आई पांघरूण ओढून मला काय काय म्हणायची. लाटसाहेबापासून सुरुवात व्हायची, पण पुढचं मला काही केल्या आठवत नाही. बाबांना पाठ आहे का विचार. असेल तर मी शनिवारी येतो, आणि रविवारी सकाळी मुद्दाम उठणार नाही.

लोभ असू दे, आवाजही.
तुझा दादा